बगळे न बसलेली नदी

गुरुवार, १२ मे. हवा कोरडी, ऊन कडक, आकाश निरभ्र. चादरी आणि अभ्रे धुऊन गच्चीवर घातले. गॅसचा सिलिंडर आला. दुपारी वारा नेहमीप्रमाणे समुद्राकडून. नदी काळी, एकही बगळा नाही. धाकटी मोठे शीड घेऊन पाण्यावर गेली.

थोरल्या जाऊबाईंच्या डायरीत रोजचा दिवस याच क्रमाने उतरत असे. आधी हवा, मग घर, मग माणसे. हे वळण शाळेतल्या सिस्टरनी लावलेले. रोज सकाळी एका मुलीने फळ्यावर तारीख आणि हवामान लिहायचे, आणि कोणी नुसते 'हवा छान आहे' असे लिहिले की सिस्टर डस्टर उचलत. "छान कोणाला? छत्रीवाल्याला की धोब्याला? ऊन आहे, ढग आहे, वारा आहे, जे आहे ते लिही." शाळा सुटली, लग्न झाले, मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, नवराही गेला, पण थोरलीच्या डायरीतल्या हवेला 'छान' हा शब्द कधी लागला नाही.

चढाच्या गल्लीतल्या त्या शेवटच्या घरात आता दोन जावाच राहत होत्या. भावाभावांत थोरले आधी गेले, धाकटे नंतर. थोरली खालच्या खोलीत झोपे, धाकटी वरच्या. मधल्या जिन्यावर दोघींचे चष्मे, सुया, औषधे आणि वर्तमानपत्रे यांचा सामायिक संसार पसरलेला असे. थोरली नाकासमोर चालणारी, धाकटी वाऱ्यावरची वरात. थोरली बोले तेव्हा विचार करून बोले. धाकटी बोलून झाल्यावर विचार करी, आणि तोही राहिला तर राहिला.

धाकटी शिवणकाम करी. शाळेचे गणवेश, पडदे, मोटारींच्या गाद्यांची कव्हरे, येईल ते. तिला शिवण शिकवणारी म्हातारी म्हणे, "शिवायला कोणीही शिकतं गं. ज्याला न फाडता उसवता येतं, तो खरा कारागीर." म्हणून टाके उसवायची एक छोटी लोखंडी आकडी धाकटीच्या गळ्यात दोऱ्याला कायम लोंबत असे. अंघोळीच्या वेळीसुद्धा ती काढी की नाही, याबद्दल थोरलीला शंका होती.

एके दिवशी खालच्या घाटावरून एक तरणीताठी मुलगी खांद्यावर कापडाची भलीमोठी गुंडाळी घेऊन आली. गावातल्या सगळ्या शिंप्यांनी तिला वाटेला लावले होते. धाकटीने ती गुंडाळी उलगडली, तर ती खोलीत मावेना. एक टोक जिन्यात गेले.

"अगं बाई! एवढा मोठा झगा घालतं तरी कोण?"

"वारा घालतो, काकू," ती मुलगी म्हणाली.

ती नदीवरच्या क्लबची कोच होती. एका फळीवर उभे राहायचे, फळीला काठी, काठीला शीड, शिडाला हाताने धरायची आडवी दांडी, आणि वारा नेईल तसे पाण्यावरून पळायचे, हा खेळ ती शिकवत असे. त्या दिवशी ते फाटलेले शीड धाकटीने दुहेरी टीप घालून नीट केले. महिन्याभरात तिचे मशीन घरातून उचलून नदीकाठच्या शेडमध्ये गेले.

ती शेड थोरलीने एकदाच नीट पाहिली होती, डबा द्यायला गेली तेव्हा. पत्र्याचे छप्पर, गुडघाभर उंचीचे लांबलचक टेबल, त्यावर मशीन असे बसवलेले की सुई टेबलाच्या पातळीत यावी आणि कापड चहूकडे पसरावे. भिंतीवर सुतळ्या, चिमटे, डिंकाचे डबे. आढ्यावरून शिडे लोंबत होती, कोणी कपडे बदलायला गेल्यासारखी. शेडच्या एका बाजूला जुने गोदाम, दुसऱ्या बाजूला दाट झाडे. त्यामुळे दारात उभे राहिले तर वाऱ्याची झुळूकही लागत नसे. वारा तिथून हाकेच्या अंतरावर, पाण्यावर सुरू होई.

काही महिन्यांनी धाकटीने जेवताना जाहीर केले, "ताई, मी ते शिकणारे."

"काय ते?"

"फळीवर उभं राहायचं."

थोरलीचा घास हातात राहिला. "अगं, वय काय, खूळ काय! हाडं मोडली तर कोण बघणार? मी? मला स्वतःचे गुडघे सांभाळवत नाहीत."

"ताई, मला एक सांगा, ट्रायल न घेता मी कधी कोणाचा ब्लाउज दिलाय? नाही ना? मग ज्याचं कापड शिवते त्याची ट्रायल नको? मी शीड शिवते, कुठं ताणतंय, कुठं झोळ पडतोय, मला ते अंगावर घेतल्याशिवाय कसं कळणार?"

पालथ्या घड्यावर पाणी, एवढे पुटपुटून थोरलीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

धाकटी पडली, पुष्कळ पडली. नाकातोंडात पाणी गेले, नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. आणि मग एका दुपारी थोरली वरच्या गच्चीत अभ्रे झटकत असताना तिला खाली रुंद नदीच्या मध्यावर एक पिवळे शीड दिसले. ते पडत नव्हते. ते एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरळ रेघ ओढल्यासारखे चालले होते. त्या पिवळ्याखाली उभी असलेली इवलीशी आकृती, जरा बाहेरच्या बाजूला कललेली, आपल्याच घरातली, सकाळी आपल्याशी दुधाच्या सायीवरून भांडलेली, हे ओळखायला थोरलीला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर ती अभ्रा हातात धरून तशीच उभी राहिली. नंतर ती डायरीत काही जास्त लिहू शकली नाही. 'धाकटी नदी ओलांडून परत आली. ओल्या पायांनी घरात शिरली,' एवढेच लिहिले.

त्या दिवसापासून मात्र थोरलीला नदीचे वेड लागले. दुपारची भांडी आवरली की ती गच्चीत जाऊन बसे.

त्या नदीची गोष्टच निराळी होती. दोन डोंगरांच्या मधून ती समुद्राकडे उतरत असे. उन्हाळ्यात डोंगरापलीकडची जमीन तापे, तिथली हवा वर जाई, आणि चूल पेटल्यावर धुराडे जसे हवा ओढून घेते तशी ती तापलेली जमीन समुद्रावरची गार हवा त्या खिंडीतून ओढून घेई. रोज दुपारी वारा नदीवरून वर चढे आणि नदी वाऱ्याखालून खाली उतरे. दोघे समोरासमोर आले की पाण्याला शिंगे फुटत, लाटांचे माथे फुटून पांढरे होत. गच्चीतून पाहणाऱ्याला वाटावे, बगळ्यांचा थवा नदीवर उतरला आहे. शेडमधले लोक त्या फेसाला बगळेच म्हणत. बगळे दाट बसले की वारा जोराचा, लहान शीड घ्यायचे. विरळ असले की मधले. एकही नसला की वारा नरम, मोठे शीड.

शेडमधून नदीचे वरचे वळण दिसत नसे. गच्चीतून दिसे. म्हणून धाकटी रोज दुपारी घरी फोन करी, "ताई, बगळे किती?" आणि थोरली डोळ्यांत तेल घालून पाहून सांगे. सांगणे असे नेमके असे, आणि सुरात असा सरकारी ठामपणा, की शेडमध्ये तिचे नाव 'हवामान खाते' पडले. क्लबमध्ये एक दातांचा डॉक्टर नेमाने येई, तो तर शेडमध्ये पाऊल टाकताच विचारी, "खातं काय म्हणतंय आज?"

आणि त्या नदीचे दुसरे आश्चर्य धाकटीने सांगितलेले. ती म्हणे, "ताई, तिच्यात पडायची भीतीच नाही. वारा आपल्याला वर ढकलतो आणि पाणी खाली ओढतं. दोघांच्या ओढाताणीत आपण जिथल्या तिथं. पडलं, दमलं, तर नुसतं फळीला धरून पडून राहायचं. नदी आपोआप घरी आणून सोडते. माहेरची असल्यासारखी."

थोरलीने यावर कितीतरी दुपारी विचार केला. एवढा मोठा वारा आणि एवढे मोठे पाणी, एकमेकांना रेटत, आणि त्यांच्या मधे, जिथे चिरडून जावे तिथे, माणूस झोपाळ्यावर बसल्यासारखा सुखरूप. हे कोणी मांडून ठेवले असेल? शाळेत सिस्टर प्रार्थनेनंतर डोळे मिटून काही क्षण गप्प बसत, त्याची तिला आठवण होई.

गुरुवारी सकाळीच थोरलीने चादरी धुवायला काढल्या. गच्चीवर घातल्या तर त्या दोरीवर ठरेनात. ती दोनदा खाली येऊन जास्तीचे चिमटे घेऊन गेली. अभ्रे फडफडून तोंडावर आले तेव्हा तिने त्यांना चार शब्द सुनावलेही. जेवण झाले, भांडी झाली, आणि फोन वाजला.

"ताई, बगळे किती?"

थोरलीने कठड्याला टेकून पाहिले. नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर होती. पांढरा ठिपका शोधून सापडेना.

"एकही नाही गं."

"नक्की?"

"अगं, मोतीबिंदू काढलाय, डोळा नव्हे. आरशासारखी पडलीय नदी."

पलीकडून डॉक्टरचा आवाज आला, "खात्याने सुट्टी जाहीर केली वाटतं!" आणि धाकटी हसत म्हणाली, "तुम्ही जा दवाखान्यात, दात उपटा. मी मोठं शीड काढते. आज जरा डुलत डुलत जाऊन येते."

डॉक्टर खरोखरच गेला. कोच मोटारबोटीचे इंजिन दुरुस्त करून आणायला सकाळपासून बाजारात होती. धाकटी एकटीच पाण्यावर उतरली.

थोरलीने झाडांच्या आडोशातून मोठे पांढरे शीड बाहेर आलेले पाहिले. काही वेळ ते डुलत डुलत आले खरे. मग ते झाडांच्या सावलीबाहेर पडले आणि थोरलीच्या डोळ्यांदेखत, कोणीतरी मागून ढकलल्यासारखे, सुटले.

तिने धाकटीला कितीतरी वेळा पाहिले होते, पण असे कधी नाही. एरवी फळी लाटांवरून दणके खात जाई. आज लाट नव्हतीच. काळ्या सपाट पाण्यावरून ते शीड असे चालले होते की पाण्याला त्याचा पत्ताच नव्हता. मागे पांढरा धागा उठे आणि लगेच मिटे. बांधावर बसलेली पाखरे उडाली, ती मागे पडली. धाकटीचे अंग पाण्याला जवळजवळ आडवे झाले होते, सगळे वजन बाहेर टाकून ती त्या शिडाला धरून होती. थोरलीला क्षणभर भीती वाटलीच नाही. ती नुसती पाहत राहिली. माणूस एवढ्या वेगाने, एवढ्या शांत, आवाजाशिवाय जाऊ शकतो! तिच्या तोंडून आपोआप निघाले, "अगो बाई..."

मग नदीच्या ऐन मध्यावर शीड उलटले आणि धाकटी त्याच्यावरून उडून पलीकडे पडली.

ठीक आहे, पडते नेहमी, थोरलीने स्वतःला सांगितले. डोके वर आले. फळीला धरून पडली. आता नदी आणील खाली. तिने नेहमीची खूण धरली: समोरच्या काठावरचा उंच खांब. पडलेले माणूस त्या खांबाच्या आसपासच राहते, मग हळूहळू अलीकडे येते. तिने खांबाकडे पाहिले, धाकटीकडे पाहिले. धाकटी खांबाच्या पुढे होती. थोड्या वेळाने आणखी पुढे. खाली नाही, वर. वळणाकडे, डोंगराकडे.

धाकटी उठली, शीड ओढून उभे केले. ते उभे झाले की वारा त्यात भरे, तिला दोन हात फेकत नेई आणि आपटे. पुन्हा उठली, पुन्हा तेच. दर खेपेला वळण जवळ येत होते. वळणापलीकडे खिंड अरुंद होत जाई, दोन्ही बाजूंना नुसते कडे, आणि तिथून कोणी हाक मारली तर ऐकायला चिटपाखरूही नाही.

तेवढ्यात थोरलीच्या मानेवर मागून सपकन काहीतरी बसले. ती वळली. दोरीवरच्या चादरी खाली लोंबत नव्हत्याच. त्या आडव्या झाल्या होत्या, ताठ, डोंगराच्या दिशेने, आणि चिमटे कुरकुरत होते. सगळी सकाळ तिने याच वाऱ्याशी झोंबाझोंबी केली होती. आणि फोनवर सांगितले होते, एकही बगळा नाही, म्हणजे वाराच नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाण्याकडे पाहता पाहता ती वाऱ्याकडे पाहायची विसरली होती.

तिने वळून पाहिले तेव्हा पांढरे शीड वळणाआड गेलेले होते.

थोरली चढाची गल्ली कशी उतरली ते तिलाच माहीत. एका हाताने भिंत धरत, गुडघ्यांना दम देत ती घाटावर पोचली. कोच नुकतीच येऊन बोटीला इंजिन लावत होती.

"पोरी, धाकटी वर गेली. वळणाकडे. मोठं शीड घेऊन."

"वर कशी जाईल काकू? पडलं की माणूस खाली..." कोच बोलता बोलता थांबली. तिची नजर बोटीवर गेली होती. ती बोट खुंटाला बांधलेली असे आणि प्रवाहामुळे तिचे तोंड कायम डोंगराकडे असे. आज ते समुद्राकडे होते. वाऱ्याने तिला फिरवून ठेवले होते. कोच वाकली, पाण्यावरचे एक वाळके पान उचलून तिने पुन्हा पाण्यात सोडले. पान क्षणभर थांबले आणि डोंगराकडे चालू लागले.

"नदी थांबलीये," ती हळूच म्हणाली.

"थांबलीये म्हणजे?"

"वरच्या धरणाचे दरवाजे बंद असणार. दुरुस्ती निघाली असेल. पाणीच सोडलेलं नाही."

"पण बगळे नव्हते गं. मी नीट पाहिलं. एक नव्हता."

"कसे असणार, काकू? एका हाताने टाळी वाजते का? वारा तेवढाच आहे, रोजच्यापेक्षा जास्तच. समोरून पाणी येत नाही, मग फेस कोण काढणार?" तिने दोर सोडला. "बसा."

"मी?"

"धाकट्या काकूंना पाण्यातून बोटीत ओढून घ्यायला दुसरं कोण आहे इथं? मला सुकाणू सोडता येणार नाही. बसा लवकर, आणि हे जॅकेट घाला."

नदीकाठी सारा जन्म गेला, पण थोरलीने नदीवर पाऊल टाकले ते त्या दिवशी प्रथमच. बोट झाडांच्या आडोशातून बाहेर पडली आणि वारा तिच्या पाठीवर येऊन आदळला. तिने बोटीची कड दोन्ही हातांनी धरली. चष्मा नाकावर घट्ट दाबला. 'दुपारी वारा समुद्राकडून', हे शब्द तिने किती वर्षे लिहिले होते! तो वारा हा होता. त्याला वजन होते. तो कानात एका सुरात घुमत होता, दूर कुठेतरी मोठे यंत्र चालावे तसा. आणि खाली नदी मेल्यासारखी गप्प. रोजची खळखळ नाही, भोवरे नाहीत. काळे, जाडसर, रेशमासारखे पाणी, आणि त्याच्यावरून वाऱ्याचे शहारे एकामागून एक डोंगराकडे पळत होते. दोन्ही काठ लांब गेले होते. घराची गच्ची एवढीशी दिसत होती आणि तिच्यावर चादरींचे पांढरे ठिपके. एवढ्या उघड्यावर, एवढ्या मोठ्या वाऱ्यात, तिची धाकटी जाऊ रोज येत होती आणि घरी जाऊन म्हणत होती, ताई, आज भूक लागलीय.

"दिसतंय का काही?" कोचने ओरडून विचारले.

"नाही!"

वळण आले. कडे वर चढले, वारा आणखी दाटला. नदीच्या मधोमध काही नव्हते. डाव्या काठाला काही नव्हते. थोरलीच्या ओठांवर शाळेतली प्रार्थना आली आणि तिचे पुढचे शब्द आठवेनात.

"काकू, उजवीकडे!"

उजव्या कड्याच्या सावलीतून एक शीड बाहेर येत होते. पण ते शीड वाटत नव्हते. वरचा तिसरा हिस्सा सुटून फाटक्या निशाणासारखा फडफडत होता, त्याचा तड तड आवाज पाण्यावरून बोटीपर्यंत ऐकू येत होता. खालचा हिस्सा मात्र शाबूत, ताठ, वाऱ्याने भरलेला. आणि त्याला धरून, तिरकी तिरकी, एकदा या काठाकडे आणि एकदा त्या काठाकडे जात, वाऱ्याच्या अगदी तोंडावर, इंच इंच घराच्या दिशेने धाकटी येत होती.

कोचने इंजिन मंद केले. "दोर टाकू का?"

"नको!" धाकटी ओरडली. केस तोंडावर चिकटलेले, ओठ निळे. मग तिला बोटीत कोण बसले आहे ते दिसले. "ताई? तुम्ही? अहो, गुडघे!"

"गुडघ्यांचं राहू दे! शिडाला काय झालं?"

"उसवलं!"

"काय?"

"उसवलं हो, मी!" धाकटीने गळ्यातली आकडी दाताने ओढून दाखवली. "एवढा झगा मला पेलेना. मग म्हटलं, अल्टर करू!"

कोच डोक्याला हात लावून हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. थोरली हसली नाही. ती त्या शिडाकडे पाहत होती. शीड पाण्यावर आडवे टाकून, पोटावर पडून, वाऱ्याने फळी डोंगराकडे वाहत असताना, ज्या शिवणीवर आपण मशीन चालवले ती बोटांनी चाचपून शोधायची आणि टाका टाका उसवत जायचे. फाडायचे नाही, फाडले तर सगळेच जाते. वरच्या पट्टीत वारा सांडून जाईल आणि खालच्यात आपल्यापुरता उरेल, एवढेच उसवायचे. बरोबर तेवढेच उसवलेले होते. फाटके नव्हते कुठे. शिवणीची कड सरळ होती.

थांबलेल्या नदीवरून ते तिघींचे वऱ्हाड घाटाकडे निघाले. पुढे फडफडते शीड, मागे बोट. बोट ओढू शकत असूनही कोचने दोर टाकला नाही, आणि थोरलीने तिला टाक म्हटले नाही. जेव्हा जेव्हा धाकटी वळण घेई, तेव्हा तेव्हा थोरलीही बोटीत आपसूक एका अंगाला कले.

घाटाला लागल्यावर धाकटीला उभे राहवेना. तिचे हात दांडीच्या मापाचे वाकडे झाले होते, मुठी उघडेनात. थोरलीने एकेक बोट धरून सरळ केले.

"किती घट्ट टीप घातली होती मी, मेली," धाकटी दातांवर दात आपटत म्हणाली. "दुहेरी. उसवता उसवेना. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिवणीला शिव्या दिल्या."

"मी बगळे नाहीत म्हणाले," थोरली म्हणाली.

"नव्हतेच की. मीही तेच पाहिलं." मग बोटे चोळत, "ताई, मी पडून राहिले होते. म्हटलं आणील नदी. वाट बघितली, बघितली. मग पाण्यात हात घातला तर... काही नाही. कोणी नाही खाली. एवढी मोठी नदी, आणि तिच्यात कोणीच नाही. मला भीती नाही वाटली हो. मला असं वाटलं, की आपण रोज जिच्या भरवशावर येतो ती काय होती, ते आज कळलं."

थोरलीने तिच्या खांद्यावर पंचा टाकला.

चढ चढताना दोघींनी एकमेकींना धरले होते. कोण कोणाला नेत आहे ते सांगणे कठीण होते. वाटेत डॉक्टर भेटला. "काय, खात्याचा अंदाज बरोबर आला का?" असे म्हणणार होता, पण दोघींचे ओले कपडे पाहून त्याने सायकल गुपचूप कडेला घेतली.

"उद्या ते शीड मशीनवर घेते," धाकटी म्हणाली. "वरची पट्टी परत बसवायची. पण या खेपेला एकेरी टीप."

"उद्या?"

"परवा मग."

थोरलीने मान हलवली. "परवापासून फोन केलास की मी आधी चादरी बघीन, मग बगळे. आणि त्याआधी खुंटाच्या बोटीचं तोंड कुठं आहे ते तू बघून सांगायचंस."

"बरं, साहेब," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी वारा नेहमीसारखा पडला. धाकटी वर गाढ झोपली होती. नदीवर हळूहळू खळखळ परत येत होती. धरणाचे दरवाजे उघडले असावेत. थोरली तो आवाज ऐकत बराच वेळ गच्चीत उभी राहिली, मग दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या घड्या घातल्या आणि खाली येऊन डायरी उघडली. दुपारी लिहिलेले तिने वाचले. 'एकही बगळा नाही' या शब्दांवर तिचे पेन थांबले. खोडावे असे वाटले. पण ते खरे होते, नव्हताच एकही. सिस्टरनीही ते पुसले नसते. म्हणून तिने ते तसेच ठेवले आणि पुढे लिहिले:

वारा जोराचा. नदी थांबली होती. धाकटी स्वतः परत आली. मी बोटीत बसले. चादरी चांगल्या वाळल्या, एक अभ्रा वाऱ्याने गेला. चिमटे नवे आणायचे.